पावती हरवल्यास दहा रुपये

सायकल नुसती उभी करण्याचे पैसे पडतात, हे मला कॉलेजात जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. आमच्या सोनपेठला सायकल लावायची म्हणजे लिंबाला टेकवायची. किल्ली कुलपातच लटकत असे. सायकल जागेवर नसली की समजायचं, कुणीतरी दळणाला नेली. संध्याकाळी ती पुन्हा लिंबाखाली येई. क्वचित हवा भरूनसुद्धा येई.

मग बी.कॉम.साठी परभणीला आलो. कॉलेज परभणीत, विद्यापीठ नांदेडला आणि जीव सोनपेठला, अशी माझी त्रिस्थळी यात्रा सुरू झाली. दर शनिवारी एस.टी. स्टँडजवळच्या एका खासगी सायकल स्टँडवर सायकल ठेवायची आणि गावाकडची गाडी धरायची. स्टँडवाले मामा बोटाएवढी पावती देत. तिच्यावर आणि मागच्या पाटीवर त्याच दोन ओळी: ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ आणि ‘पावती हरवल्यास दहा रुपये दंड’. माझ्या आयुष्यातला हा पहिला लेखी करार. तो मी न वाचता खिशात घातला. पुढे बँकेत चिकटल्यावर कळलं, सगळेच करार असे होतात.

१९९९ सालच्या एका रविवारी आईने माझा सदरा धुतला. पावतीसकट. सोमवारी मामांपुढे मी कागदाची एक गोळी धरली. त्यांनी ती उजेडात पाहिली आणि म्हणाले, “दहा रुपये.”

दहा रुपयांत तेव्हा माझा दोन दिवसांचा नाश्ता होत असे. त्यातून आदल्याच आठवड्यात वर्गात १८७२ चा करार कायदा शिकवून झाला होता. अर्धवट ज्ञान आणि रिकामं पोट एकत्र आलं की माणसाचा वकील होतो.

“मामा, कलम ७४! दंडाचा आकडा छापला म्हणून तो जसाच्या तसा मिळत नाही. वाजवी भरपाई तेवढी मिळते. छापलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. माझ्या पावतीने तुमचं नुकसान किती? पाच पैशांचा कागद!”

मामा तंबाखू मळत होते.

“शिवाय हे बेलमेंट आहे. शहाणा माणूस स्वतःची वस्तू जपतो तितकी माझी सायकल तुम्ही जपली पाहिजे. कलम १५१! जबाबदारी माझीच असेल तर पैसे कशाचे घेता? सावलीचे?”

मामांनी तंबाखू ओठाखाली सारली. “लेकरा, तुझं समदं खरं असंल. पण बिनपावतीची सायकल सोडायलो म्हणल्यावर उद्या चोर बी येऊन कलमच सांगंल की. मंग तुझी सायकल कुठं हुडकू?”

मी दहा रुपये दिले. सायकल बाहेर काढली, तर घंटीची वाटी गायब. मामांनी निमूटपणे पाटीच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

परवा भाच्याचा फोन आला. तो इंग्लंडात एका विद्यापीठात शिकतो. मित्राची मोटार दुकानांपुढच्या खासगी जागेत जास्त वेळ ठेवली म्हणून त्याला नोटीस आली होती. “मामा, तुमचं ते कलम ७४ इथं चालतं का?”

चौकशी केली. तिकडे अशी नोटीस म्हणजे पोलिसांचा दंड नव्हे; पाटी बघून गाडी लावली की करार झाला, आणि तो मोडल्याची ही मागणी. आधी कंपनीकडे हरकत घ्यायची, तिने फेटाळली तर त्रयस्थाकडे दाद मागायची. बॅरी बीव्हिस नावाचे एक गृहस्थ तर थेट तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेले होते. चेम्सफर्डला दुकानांपुढे दोन तास फुकट. हे राहिले २ तास ५६ मिनिटं. मागणी ८५ पौंडांची. त्यांचं म्हणणं अगदी माझंच: तुमचं नुकसान काय झालं? ४ नोव्हेंबर २०१५ रोजी सातपैकी सहा न्यायमूर्तींनी सांगितलं, की प्रत्यक्ष नुकसान नसलं तरी गाड्या हलत्या राहाव्यात यात जागा सांभाळणाऱ्याचं रास्त हित आहे, आणि त्या मानाने आकडा अवाजवी नाही. थोडक्यात, परभणीच्या मामांचा निकाल कायम. फरक इतकाच, की मामांनी तो तंबाखू मळता मळता दिला होता.

माझ्या दुसऱ्या मुद्द्याला मात्र दिल्लीत यश आलं. १९९८ साली तिथल्या ताजमहाल हॉटेलात एका पाहुण्याने आपली मारुती झेन नोकराच्या हवाली केली आणि भलताच माणूस ती घेऊन गेला. चिठ्ठीवर छापलेलं होतंच: जबाबदारी मालकाची. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की गाडी ताब्यात घेतल्यावर ती नीट सांभाळली होती हे हॉटेलाने दाखवावं. तसली ओळ छापून स्वतःचा हलगर्जीपणा झाकता येणार नाही. म्हणजे माझ्या घंटीच्या वाटीचा निदान खुलासा तरी मामांना द्यावा लागला असता! दहा रुपये त्यांचे, वाटी माझी. वीस वर्षांनी हिशेब जुळला. बँकेतल्या माणसाला एवढं पुरतं.

भाच्याला विचारलं, “पाटी दिसत नव्हती का? यंत्र बंद होतं का? तसं असेल तर जरूर भांड.”

“नाही मामा, पाटी होती. गप्पांत वेळ गेला. पण त्यांचं नुकसान काय झालं, सांगा ना!”

कलम ७४ माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच:

“लेकरा, तुझं समदं खरं असंल...”