नौका-इंजिनाचे बंद शीतलन

इंजिनाच्या पोटात ठरावीक गोडे पाणी पुन्हा पुन्हा फिरवायचे आणि त्याची उष्णता नळ्यांच्या भिंतीआडून समुद्राच्या पाण्याला द्यायची, अशी व्यवस्था. खुल्या शीतलनात समुद्राचे पाणीच पंपाने ओढून थेट इंजिनातून खेळवतात आणि बाहेर टाकतात. खुल्या पद्धतीचे इंजिन बंद पद्धतीवर आणता येते. पण ते केव्हा परवडते, हा मुख्य प्रश्न.

डिझेल जळून निघणाऱ्या उष्णतेचा सुमारे एक तृतीयांश भाग कामी येतो, साधारण तेवढाच धुरावाटे जातो आणि उरलेल्याचा मोठा वाटा पाण्याला वाहून न्यावा लागतो. घाटावर विहिरीवरची डिझेल इंजिने उपसलेल्या पाण्यातलीच एक धार अंगाभोवती फिरवून कोमट करून सोडत, आणि घरातली पोरे त्या धारेखाली आंघोळ उरकत. तेही खुले शीतलनच. विहिरीचे पाणी गोडे, म्हणून ते निभावले.

समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. ते बिडाला गंजवतात, हे कोणीही सांगेल. दुसरे दुखणे कमी दिसते. बहुतेक क्षार तापलेल्या पाण्यात जास्त विरघळतात. कॅल्शियम सल्फेट मात्र उलटे वागते आणि पाणी तापले की भिंतीला चिकटते. ही खपली उष्णता अडवते. ती धरू नये म्हणून खुल्या पद्धतीचे इंजिन साधारण 60 अंश सेल्सियसवर, म्हणजे गरजेपेक्षा थंडच चालवावे लागते. थंड इंजिनात इंधन नीट जळत नाही, काजळी धरते, तेलात आम्ल साठते आणि लायनर लवकर झिजतो. बंद पद्धतीत तापमान 75 ते 85 अंशांपर्यंत नेता येते. गंज थांबण्याइतकाच हा फायदा मोलाचा आहे, आणि इंजिन विकणारे त्याबद्दल फारसे बोलत नाहीत.

कल्पना वाफेच्या जहाजांइतकी जुनी. खाऱ्या पाण्यातल्या क्षारांनी बॉयलर भरून येतात म्हणून सॅम्युएल हॉल याने 1834 मध्ये पृष्ठ-संघनकाचे पेटंट घेतले: नळीच्या एका बाजूला वाफ, दुसऱ्या बाजूला समुद्र, दोघांची गाठ नाही. आजच्या नौकेतला कूलर, म्हणजे हीट एक्स्चेंजर, तेच करतो. त्याच्या नळ्या बहुधा तांबे-निकेलच्या मिश्रधातूच्या असतात.

मोटारीशी तुलना केली की उलगडा होतो. बंगळूरमधल्या मारतहळ्ळीच्या रिंग रोडवर तासभर रखडलेल्या गाडीतही बंद शीतलनच चालू असते. फक्त तिथे कूलरच्या जागी रेडिएटर आणि समुद्राच्या जागी पंख्याचा वारा. बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंच, त्यामुळे साधे पाणी तिथे 97 अंशांच्या आसपासच उकळते. दाबाचे झाकण आणि कूलंट मिळून ती मर्यादा बरीच वर नेतात. नौकेच्या गोड्या पाण्याच्या टाकीवरही असेच झाकण असते. कोकणातल्या ट्रॉलरवरची अशोक लेलँडची सहा सिलिंडरची इंजिने मुळात ट्रकच्या घराण्यातली. त्यांची घडणच गोड्या पाण्यासाठी. म्हणून बदलाचा प्रश्न मुख्यतः जुन्या, खाऱ्यावर चालणाऱ्या इंजिनांचा.

बदल करताना कूलर, टाकी, दुसरा पंप, नवा थर्मोस्टॅट आणि होजपाइप लागतात. खाऱ्या पाण्याचा मार्ग असा: तळाची झडप, जाळी, रबरी इंपेलरचा पंप, गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर, मुख्य कूलर आणि, धुराचा पाइप ओला असेल तर, त्याचे वळण. गोडे पाणी फक्त ब्लॉक आणि हेडमध्ये फिरवले तर अर्धी व्यवस्था; धुराचे मॅनिफोल्डही त्यात घेतले तर पूर्ण. अर्धीत मॅनिफोल्ड खाऱ्यावरच राहते आणि गंजून आधी तेच जाते. जोडण्याआधी इंजिनाचे पाण्याचे जॅकेट धुऊन खपली काढणे अटळ, नाहीतर सुटलेले पोपडे नव्या कूलरच्या नळ्यांत अडकतात. कूलंट क्षाररहित पाण्यात, बहुधा निम्मे-निम्मे, मिसळतात. नळाचे पाणी घालणारा पुन्हा खपलीलाच आवतण देतो.

समुद्र तरीही नौकेत येतोच. मुंबई बंदरात तळाच्या तोंडाला प्लॅस्टिकची पिशवी चिकटली की इंपेलर कोरडा फिरून थोड्याच वेळात फाटतो, आणि गोडे पाणी काठोकाठ असूनही इंजिन तापते. गाळाच्या खाड्यांत म्हणूनच तिसरी पद्धत सोयीची: गोड्या पाण्याच्या नळ्या नौकेच्या तळाला बाहेरून बसवायच्या. इंजिन थंड करायला खारा पंपच लागत नाही, मात्र नळ्यांवर शिंपले धरले की खरवडावे लागतात.

महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी 1 जून ते 31 जुलै. नौका किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. हे काम त्याच दिवसांत उरकावे, नारळी पौर्णिमेच्या तोंडावर नव्हे. नव्या किंवा नुकत्या उघडलेल्या इंजिनावर खर्च करावा. बरीच वर्षे खारे पाणी प्यालेल्या ब्लॉकची भिंत आतून पातळ झालेली असते. त्याला गोडे पाणी पाजणे म्हणजे बैल म्हातारा झाल्यावर गोठा बांधणे.

कूलरमधली जस्ताची कांडी निम्मी झिजली की बदलावी. महिनोन्महिने ती अजिबात झिजलीच नाही, तर खूश होऊ नये: तिचा धातूशी संपर्क तुटलेला असतो आणि गंज तिच्याऐवजी कूलरला लागलेला असतो.