पडद्यावरचा बागुलबुवा

भीतिदायक चित्रपट मुलांना दाखवावा की नाही, हा प्रश्न आज घरोघरी पडतो, आणि तो आपल्याच पिढीपुढे प्रथम उभा राहिला अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो जवळजवळ बोलपटाइतकाच जुना आहे. इंग्लंडात व अमेरिकेत त्यावर मोठा वाद माजला, नियम झाले, शास्त्रज्ञांनी प्रयोग केले, आणि एवढे होऊनही प्रश्न पुन्हा आईबापांच्याच दारी आला. तो कसा आला, ह्याची हकीकत आम्ही आज आपणांपुढे ठेवीत आहोत.

इ. स. १९३१ च्या अखेरीस अमेरिकेतील युनिव्हर्सल कंपनीचा ‘फ्रँकेन्स्टाइन’ हा बोलपट प्रकाशित झाला. मेरी शेली हिची मूळ कादंबरी १८१८ सालची. प्रेतांचे अवयव जोडून एक शास्त्रज्ञ मानवाकृती घडवितो, तिच्यात प्राण ओततो आणि पुढे ती त्याच्या हाताबाहेर जाते, हे कथानक आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल. दिग्दर्शक होते जेम्स व्हेल, आणि राक्षसाचे काम बोरिस कार्लॉफ ह्या नटाने केले. चित्रपट सुरू होण्यापूर्वी एक गृहस्थ पडद्याआडून पुढे येतात आणि आपणांस धक्का बसण्याचा संभव आहे असे प्रेक्षकांस बजावतात. ही सूचना सावधगिरीची होती की जाहिरातीची, हे ज्याचे त्याने ठरवावे!

ह्या चित्रपटातील एका प्रसंगाची गोष्ट मोठी बोधप्रद आहे. तळ्याकाठी मारिया नावाची एक चिमुरडी खेळत असते. राक्षसाला ती भीत नाही. उलट त्याला फुले देते. दोघे फुले पाण्यावर टाकून ती तरंगताना पाहतात. फुले संपतात, तेव्हा ही मुलगीही अशीच तरंगेल असे त्या अजाण जिवाला वाटते आणि तो तिला उचलून पाण्यात टाकतो. अमेरिकेतील काही राज्यांच्या सेन्सॉरांना हे सहन झाले नाही आणि कात्री चालली. परिणाम काय झाला? राक्षस मुलीकडे हात पुढे करतो तेथेच दृश्य तुटू लागले, आणि पुढे एकदम बाप तिचे प्रेत हातांवर घेऊन गावात येताना दिसे. मधल्या वेळात काय घडले असेल, ते प्रेक्षकाने आपल्या मनाने भरून काढावयाचे. अजाणतेपणाने झालेला अपघात अशा रीतीने एक अघोरी कृत्य भासू लागला. भीती कमी करावयास गेलेल्या कात्रीने ती वाढविली. तो तुकडा पुढे १९८० नंतरच्या दशकात मूळ जागी जोडण्यात आला.

हाच चित्रपट १९३२ साली लंडनला गेला. तेथील सेन्सॉर मंडळ १९१२ सालचे. त्याच्याकडे दोन शिक्के होते. ‘यू’ म्हणजे सर्वांस खुला. ‘ए’ म्हणजे सोळा वर्षांखालील मुलाने पालकासह पाहावा. ‘फ्रँकेन्स्टाइन’ला ‘ए’ मिळाला. पण नियम कागदावर एक आणि दारावर दुसरा, हा अनुभव काही आपल्याकडचाच नव्हे. मुले थिएटरच्या दाराशी उभी राहत आणि येणाऱ्याजाणाऱ्या अपरिचित गृहस्थास, “काका, आम्हांला आत न्या ना,” अशी गळ घालीत. तिकिटाचे पैसे मुलांचे, पालकत्व पाच मिनिटांचे! बालकसंरक्षणाच्या संस्थांनी ओरड केली, लंडनच्या काउंटी कौन्सिलने लक्ष घातले, आणि भयानक चित्रपटांना ‘एच’ ह्या अक्षराची खूण करण्याची प्रथा पडली. आरंभी ती नुसती सूचना होती. १९३७ पासून मात्र ‘एच’ म्हणजे सोळा वर्षांखालील मुलांस संपूर्ण मज्जाव असे ठरले. १९५१ मध्ये ‘एक्स’ नावाचा नवा वर्ग आला आणि ‘एच’ त्यात विलीन झाला.

एवढ्याने राक्षस बंद झाला, असे वाटेल. परंतु १९३८ साली वॉल्ट डिस्नेची ‘स्नो व्हाइट’ लंडनास आली. कथा परीची, चित्रे हाताने काढलेली, आणि ती पाहावयाची मुलांनी. तरीही चेटकीण व अंधारे रान पाहून मंडळाने तिला ‘ए’ दिला, आणि अनेक स्थानिक अधिकाऱ्यांनी आपल्या अधिकारात तो बदलून ‘यू’ केला. एकच चित्रपट एका गावात मुलांना एकट्याने पाहण्याजोगा, तर दुसऱ्या गावात नाही! आम्ही ह्यात कोणाची चेष्टा करीत नाही. चेटकीण पाहून रडलेली मुले खरी होती आणि टाळ्या पिटणारी मुलेही खरी होती. शिक्का मात्र दोघांना एकच मारावयाचा होता.

मग शास्त्राला विचारावे. अमेरिकेत पेन फंडाच्या साहाय्याने मुले आणि चित्रपट ह्यांविषयी जे संशोधन झाले, ते मुख्यतः १९३३ मध्ये ग्रंथरूपाने बाहेर आले. ओहायोत मुलांच्या खाटांना यंत्रे जोडून ती झोपेत किती चाळवतात ते मोजले; आयोवात चित्र पाहत असताना त्यांच्या अंगातील विद्युत्‌बदल टिपले. धोक्याच्या दृश्यांनी लहान मुले प्रौढांहून फार अधिक हलतात, हे दिसले. पण त्याबरोबर मुलामुलांत मोठे अंतर असते, हेही दिसले. एकाची झोप उडते, दुसरा स्वस्थ घोरतो.

ह्या अंतराचा उलगडा पुढे पुष्कळ वर्षांनी झाला. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जोअ‍ॅन कँटर ह्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, अगदी लहान मूल रूपाला भिते. एका दूरदर्शन-मालिकेतील ‘हल्क’ हा सज्जन माणूस हिरवा राक्षस होऊन लोकांना वाचवितो. तरी तो रूप पालटू लागला की शाळापूर्व वयाची मुले घाबरत. मोठ्या मुलांना तो चांगला आहे हे कळे. त्यांना भीती वाटते ती खरोखर घडू शकेल अशा गोष्टींची. म्हणून, “अरे, हे खोटे आहे,” हे समजावणे मोठ्या मुलाच्या कामी येते. चार वर्षांच्या मुलाला त्यापेक्षा जवळ घेणे अधिक उपयोगी पडते.

आपल्या देशात १९१८ च्या कायद्याने सेन्सॉर आला, १९४९ च्या दुरुस्तीने ‘यू’ व ‘ए’ हे दोन वर्ग झाले, आणि १९८३ मध्ये ‘यूए’ हा मधला वर्ग निघाला. अमेरिकेनेही १९८४ साली ‘ग्रेमलिन्स’ व ‘इंडियाना जोन्स’ ह्या चित्रपटांवरील तक्रारींनंतर तेरा वर्षांची एक मधली पायरी घातली. आपल्याकडे २०२३ च्या कायद्याने ‘यूए’चे सात, तेरा व सोळा वर्षांचे तीन भाग पाडले, आणि, नीट ध्यानात घ्या, ही वयाची खूण पालकांच्या विचारासाठी असून पालकांखेरीज अन्य कोणी ती अंमलात आणावयाची नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले. म्हणजे शतकभर फिरून सरकारने किल्ली आपल्याच हातात दिली आहे.

ह्यावर कोणी म्हणेल, आमच्या लहानपणी मुंजा, हडळ, ब्रह्मराक्षस ह्यांच्या गोष्टी ऐकून आम्ही का बिघडलो? बरोबर आहे. आम्हीही त्या ऐकल्या आहेत. परंतु गोष्ट सांगणारी आजी नातवाच्या तोंडाकडे पाहत असे. तो फार भेदरलेला दिसला की हडळीचे पाय उलटे असतात एवढ्यावरच ती थांबे, पांघरूण ओढून घेई, उरलेली गोष्ट उद्यावर टाकी. पडद्याला डोळे नाहीत. समोर बसलेले मूल चार वर्षांचे आहे की चौदा, हे त्याला दिसत नाही. सेन्सॉरलाही दिसत नाही. ते फक्त शेजारी बसलेल्या माणसाला दिसते.

तेव्हा आमचे मत एवढेच. शिक्का अवश्य पाहावा, कारण तो अनुभवातून आला आहे. पण तो पाहून आपले काम संपले असे मानू नये. मुलाला न्यावयाचे तर आपण आधी चित्रपटाची माहिती काढावी, शेजारी बसावे, आणि त्याने उठून जाऊ म्हटले तर तिकिटाच्या पैशांचा हिशेब न करता उठावे. त्या रात्री दिवा जळत ठेवावा लागला, तर तोही ठेवावा. लंडनच्या दारावर मुलांना आत नेणारे काका पुष्कळ होते. आत गेल्यावर त्यांचा हात धरून बसणारे किती होते, हाच खरा प्रश्न आहे.