प्राग : पायाखालचा इतिहास

प्रागमध्ये नवखा प्रवासी मान वर करूनच चालतो. मनोरे, घुमट आणि कळस यांची या चेक राजधानीत एवढी दाटी आहे की त्यात नवल नाही. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील कित्येक शहरे बेचिराख झाली. प्रागची हानी त्या मानाने थोडी झाली आणि मध्ययुगीन नगर बव्हंशी टिकले. युनेस्कोने १९९२ मध्ये त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. परंतु या शहराने जे सोसले, त्याच्या खुणा फरसबंदीत आहेत आणि एकट्याने हिंडणाऱ्याला त्या सहसा दिसत नाहीत. जाणत्या गाइडबरोबर पायी फिरायचे ते यासाठी.

बहुतेक सहली जुन्या नगराच्या चौकातून, रंगीत छत्री उंच धरलेल्या गाइडमागून निघतात. टाउन हॉलवरील खगोलीय घड्याळ १४१० सालचे. तासाचा ठोका जवळ आला की सांगाडा घंटा वाजवतो, खिडक्या उघडून येशूचे शिष्य पुढे सरकतात, कोंबडा आरवतो आणि मिनिटभरात खेळ आटोपतो. जमलेल्यांचा थोडा हिरमोडच होतो!

गर्दी पांगली की खाली पाहावे. टाउन हॉलच्या पूर्वेकडील भिंतीलगत दगडांत सत्तावीस पांढरे क्रूस जडवलेले आहेत. हाब्सबर्ग सम्राटाविरुद्ध बंड करणाऱ्या बोहेमियाच्या सरदार-नागरिकांचा ८ नोव्हेंबर १६२० रोजी श्वेतगिरीच्या लढाईत पाडाव झाला. पुढच्या वर्षी, २१ जून १६२१ रोजी, त्यांच्या सत्तावीस पुढाऱ्यांना येथे देहदंड देण्यात आला. त्यांपैकी बारा जणांची मुंडकी चार्ल्स पुलाच्या मनोऱ्यावर दहा वर्षे टांगलेली होती. त्यानंतर प्रोटेस्टंटांना देश सोडावा लागला, जर्मन भाषेचे वर्चस्व वाढले आणि स्वातंत्र्य उगवायला १९१८ साल उजाडले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जमावाने चौकातला मेरीचा स्तंभ हाब्सबर्गांची खूण मानून पाडला. पूर्वी त्याची सावली ज्या रेषेवर पडली की प्रागमध्ये मध्यान्ह मानली जाई, ती रेषा धातूच्या पट्टीने आखलेली आहे. स्तंभ २०२० मध्ये पुन्हा उभा राहिला, पण दीर्घ वादानंतरच.

चौकाच्या उत्तरेस योझेफोव ही जुनी यहुदी वस्ती आहे. तेथील दफनभूमीत जागा अपुरी पडल्याने थरांवर थर रचून दफने झाली. सुमारे बारा हजार शिळा एकमेकींना टेकून उभ्या आहेत. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर नाझींनी मारलेल्या सुमारे ऐंशी हजार यहुद्यांची नावे लिहिली आहेत. शहरात काही घरांच्या दारांपुढे दहा सेंटिमीटरचे पितळी चौकोन बसवलेले दिसतील. या 'अडखळशिळा'. कोण येथे राहत होते, कधी जन्मले, कोठे नेऊन मारले गेले, एवढेच त्यांवर असते. ते वाचायला वाकावे लागते.

चार्ल्स पुलाची पायाभरणी १३५७ सालची. त्यावर पहाटेच जावे; दुपारी तेथे केवळ पाठी दिसतात. किल्ल्यासाठी वेगळा दिवस ठेवावा. 'मोफत' सहलींच्या शेवटी गाइडला बक्षिसी देण्याची रीत आहे, तेव्हा खिशात चेक कोरुना असावेत. देशाने युरो स्वीकारलेला नाही. फरसबंदी खडबडीत आहे, बूट जाड तळव्यांचेच हवेत.

काही सहली वेन्सेस्लास चौकापर्यंत जातात. आपली जात नसल्यास स्वतंत्रपणे जावे. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे शहरात घुसले. त्या आक्रमणानंतर समाजात पसरलेल्या हताशेच्या निषेधार्थ यान पालाख या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने १६ जानेवारी १९६९ रोजी राष्ट्रीय संग्रहालयापुढे स्वतःला पेटवून घेतले. तीन दिवसांनी तो मरण पावला. २५ फेब्रुवारीला यान झायीत्स या अठरा वर्षांच्या तरुणाने याच चौकात तेच केले. नोव्हेंबर १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवटीविरुद्ध लाखो लोक येथेच जमले. संग्रहालयाच्या पायऱ्यांपुढे, पालाख कोसळला त्या जागी, या दोघांचे स्मारक आहे : जमिनीतून किंचित फुगून आलेला कांस्याचा क्रूस. त्याला चौथरा नाही, कठडा नाही.