मेणदोऱ्याचे वेढे

अण्णांच्या पेटीत आता तीनच वस्तू उरल्या आहेत. एक अर्धगोल कानस, मेण लावलेल्या काळ्या दोऱ्याचं अर्धं रीळ आणि टेंभुर्णीच्या लाकडाचा मुठीएवढा ठोकळा. रीळ नाकाशी धरलं की अजूनही त्यांच्या कामाच्या खोलीचा वास येतो. चपडा, सरस आणि ओलं चामडं यांचा तो एकत्र वास.

अण्णा म्हणजे माझे आजोबा, सावंतवाडीकडचे सुतार. स्वातंत्र्याच्या दोनेक वर्षं आधी ते मुंबईला आले आणि एका क्लबात गोल्फच्या काठ्या दुरुस्त करण्याच्या कामाला लागले. काठी म्हणायचं ते घरात, कामावर सगळे 'स्टिक'च म्हणत. तडकलेला दांडा बदलायचा, मुठीला चामडं गुंडाळायचं, ड्रायव्हरचं, म्हणजे लांब फटक्याच्या काठीचं, लाकडी डोकं जिथे दांड्याला मिळतं त्या मानेवर मेणदोरा वेढायचा, हे त्यांचं रोजचं काम. वेढा घालताना ते दोऱ्याचं टोक दातात धरत आणि दोरा सैल न सोडता काठीच फिरवत. शेवटचं टोक वेढ्यांच्या खालून असं ओढून घेत की गाठ कुठे आहे ते बोटालाही कळू नये. आयुष्यात ते एकदाही गोल्फ खेळले नाहीत. पण ग्रिपच्या चामड्यावरची झीज पाहून माणूस कसा मारतो, घाईचा आहे की सबुरीचा, हे ते सांगत. म्हणायचे, "माणूस बघूचो नाय, तेचो हात बघूचो."

त्यांना काम शिकवलं कलकत्त्याहून आलेल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने, आणि त्या मिस्त्रीने उमेदवारी केली होती एका स्कॉटिश कारागिराच्या हाताखाली. गोल्फ आपल्याकडे तसं जुनंच. रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब 1829चा, ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सगळ्यात जुना. मुंबईतही 1842मध्ये क्लब निघाला होता. स्कॉटलंडच्या गोष्टी अशा तीन तोंडांतून आमच्या घरात आल्या, आणि रात्री पंखा बंद पडला की अण्णा त्या सांगत.

त्यातली माझी आवडती गोष्ट सेंट अँड्र्यूजच्या ॲलन रॉबर्टसनची. हा त्या काळचा सगळ्यात नावाजलेला खेळाडू, पण पोट भरायचा चेंडू बनवून, तेही घरच्या स्वयंपाकघरात. बैलाच्या चामड्याची छोटी पिशवी शिवायची आणि तिच्यात उकडलेली पिसं ठासायची, ती एक उंच टोपी भरून लागत. ठासण्यासाठी लोखंडी गज छातीशी रोवून अंगाचा भार द्यावा लागे. चेंडू वाळला की पिसं फुगत, चामडं आवळे, आणि दोन्ही मिळून दगडासारखा टणक गोळा होई. चांगल्या कारागिराच्याही हातून दिवसाला तीन-चारच चेंडू निघत. भिजला की तो फुगे, शिवणीत बसला की फुटे. म्हणून तो महाग, आणि म्हणून रॉबर्टसनचं घर चाले.

मग 1848च्या सुमारास गटापर्चा आला, म्हणजे मलायातल्या एका झाडाचा चीक. गरम पाण्यात टाकला की मऊ होतो, तळहातावर वळला की चेंडू तयार. या चिकाची एक दंतकथा आहे. सेंट अँड्र्यूजच्या एका पाद्र्याकडे पूर्वेकडून विष्णूची मूर्ती आली, ती या चिकाच्या तुकड्यांत गुंडाळलेली होती, आणि त्याच तुकड्यांपासून घरातल्या मुलाने पहिला चेंडू वळला. इतिहासकार ती खरी मानोत न मानोत, अण्णांनी ती मनोभावे मानली होती. "विष्णू तिकडे गेला म्हणून गरिबाच्या हातात चेंडू आला," असं ते म्हणत. ते निम्मं खरंच होतं, कारण चेंडू स्वस्त झाल्यावर खेळणारे वाढले.

रॉबर्टसनला मात्र हे आपल्या मुळावर आलेलं दिसलं. त्याच्या हाताखाली टॉम मॉरिस नावाचा तरुण काम करत होता. एकदा खेळताना मॉरिसचे चेंडू संपले, त्याने कुणाकडून तरी गटापर्चाचा चेंडू घेतला, आणि ते रॉबर्टसनच्या कानावर गेलं. दोघांचं बिनसलं आणि मॉरिस वेगळा झाला. 1851मध्ये तो प्रेस्टविकला गेला, आणि 1860मध्ये पहिली ओपन स्पर्धा झाली ती तिथेच. पुढे 1861, 62, 64 आणि 67 अशी चार वेळा ती मॉरिसने जिंकली. शेवटच्या वेळी तो 46 वर्षांचा होता, आणि इतक्या वयात ती अजून कुणी जिंकलेली नाही.

रॉबर्टसनला लोक हेकट ठरवतात, ते मला पटत नाही. ज्याची सगळी विद्या शिवणीच्या टाक्यात आहे, त्याने टाकाच नसलेल्या चेंडूचं स्वागत कसं करावं? आणि शेवटी तोही नव्याकडे वळलाच. 1858मध्ये सेंट अँड्र्यूजच्या मैदानावर 79 फटक्यांत फेरी पुरी करून त्याने 80चा उंबरठा पहिल्यांदा मोडला, तो गटापर्चाच्याच चेंडूने.

या गोष्टीची शेपटी अण्णा कधी गाळत नसत. नवा कोरा, गुळगुळीत चेंडू हवेत भरकटे आणि खाली पडे. तोच चेंडू काठीचे घाव खाऊन ओबडधोबड झाला की सरळ आणि लांब जाई. हे लक्षात आल्यावर कारागीर नव्या चेंडूंनाच हातोडीच्या टोकाने ठोके पाडून विकू लागले. आजच्या चेंडूवरच्या खळग्यांचं मूळ तिथे आहे. हे सांगताना अण्णांचा आवाज उतरे, कारण त्यांना त्यांची चूक आठवे.

ती चूक साठच्या दशकातली. बक्षिसाच्या पैशांवर घर चालवणारा एक खेळाडू स्पर्धेच्या आदल्या दिवशी पटर, म्हणजे चेंडू भोकात ढकलायची काठी, घेऊन आला. मूठ सैल झाली होती, तेवढीच आवळायची होती. अण्णांनी ती आवळली आणि मग आपुलकीने पटरचं तोंडही साफ केलं. गंज काढला, कडेची बारीक खोच कानशीने सपाट केली, आरशासारखा पॉलिश केला. सकाळी त्या माणसाने पटर हातात घेतला, खाली टेकवला आणि नुसता बघत राहिला. त्या खोचेवर नजर ठेवून तो वर्षानुवर्षं चेंडू लावत होता. तो रागावला नाही. "मिस्त्री, अब ये मेरा नहीं रहा," एवढं म्हणून गेला. त्या स्पर्धेत तो कितवा आला, हे विचारायचं धाडस अण्णांना झालं नाही. त्यानंतर सांगितल्याशिवाय त्यांनी कुणाच्या काठीवरची एकही खूण पुसली नाही.

मोठेपणी बॉबी जोन्सच्या पटरबद्दल वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा अण्णा आठवले. अटलांटाच्या या वकिलाने 1930मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेच्या चारही मोठ्या स्पर्धा एकाच वर्षात जिंकल्या. त्याच्या पटरचं नाव 'कॅलॅमिटी जेन'. हिकरी लाकडाच्या मोडक्या दांड्यावर तीन ठिकाणी दोऱ्याचे काळे वेढे होते. सतत घासूनपुसून त्या पटरचं तोंड इतकं झिजलं, की जोन्सला हुबेहूब दुसरा करून घ्यावा लागला. पुढे बाजारात त्याच्या नकला विकायला आल्या, तेव्हा धडधाकट दांड्यांवरही ते तीन काळे पट्टे काढलेले असत. लोकांना पटरबरोबर त्याचं मोडणंही हवं होतं. जोन्सने आपल्या काठ्या एकेक करून, केवळ हाताला काय वाटतं त्यावर निवडल्या होत्या. सांगतात की नंतर त्या यंत्रावर तपासल्या तेव्हा सगळ्यांचा तोल एकमेकांशी जुळला, मॅशी-निब्लिक नावाची एक काठी सोडून. आणि नेमक्या त्याच काठीने आपल्याला जन्मभर त्रास दिला, असं जोन्स म्हणे. हे अण्णांना सांगायला मिळायला हवं होतं.

टेंभुर्णीच्या ठोकळ्याची गोष्ट छोटी आहे. ड्रायव्हरची चांगली डोकी अमेरिकेतल्या पर्सिमनच्या लाकडाची असत. घट्ट, जड, आणि फटक्याला न पिचणारं लाकूड. पर्सिमन आणि आपली टेंभुर्णी एकाच कुळातली. हे समजल्यावर अण्णांनी गावाहून ठोकळा आणवला आणि एक डोकं कोरायला घेतलं. ते अर्धवटच राहिलं. 1979मध्ये अमेरिकेत गॅरी ॲडम्सने टेलरमेडचं पोलादी डोकं बाजारात आणलं. ते इकडे दिसू लागल्यावर मानेचे वेढे, चपड्याचे हात, तळाच्या पितळी पत्र्याचे स्क्रू, सगळंच हळूहळू कामातून गेलं. बर्नहार्ड लँगरने 1993ची मास्टर्स पर्सिमनच्या ड्रायव्हरने जिंकली. इतकी मोठी स्पर्धा लाकडी डोक्याने जिंकणारा तो शेवटचा. तोवर अण्णा निवृत्त होऊन चेंबूरला आमच्याकडे राहायला आले होते.

तिथे गोल्फच्या मैदानाजवळच्या वस्तीत कॅडीचं काम करणारी पोरं राहत. बांधकामावरची सळई वाकवायची, टोक ठोकून चपटं करायचं, मुठीला पाण्याच्या नळीचा तुकडा चढवायचा, आणि गल्लीबोळांतून, गटारं ओलांडत चेंडू मारायचा. असाच चौदा-पंधरा वर्षांचा एक पोरगा एकदा दारात आला. नळीचा तुकडा निसटत होता. अण्णांनी सळई हातात घेतली, वजन पाहिलं, आणि त्याला म्हणाले, "आधी धरून दाखव रे." पोराने पायऱ्यांसमोर उभं राहून पवित्रा घेतला. त्याचे अंगठे कुठे टेकतात ते अण्णांनी पेन्सिलीने खुणावलं, नळी काढली, आणि दोऱ्याचं टोक दातात धरलं.

तोवर मला वाटलं आपणही हातभार लावावा. ठोकून चपट्या केलेल्या टोकावर हातोडीचे खड्डे होते, एका कडेला पोचा होता. मी पेटीतली कानस उचलली. दोऱ्यामुळे अण्णांना बोलता येत नव्हतं. त्यांनी सळई गुडघ्यांत धरली, मोकळा झालेला हात पुढे केला आणि माझ्या हातातली कानस काढून घेतली.