१०० वजा ८६ म्हणजे १४ टक्के गळती?

अमेरिकेतल्या सरकारी हायस्कूलमध्ये २०१८-१९ साली ८६ टक्के मुलं वेळेत शिक्षण पूर्ण करून बाहेर पडली. मग उरलेल्या १४ टक्के मुलांनी शाळा सोडली का? नाही.

पूर्णतेचा दर काढताना नववीत पहिल्यांदा आलेल्या मुलांची तुकडी धरतात. नंतर आलेली मुलं तीत मिळवतात. दुसऱ्या शाळेत किंवा परदेशी गेलेली आणि मृत्यू पावलेली वजा करतात. चार वर्षांत नियमित डिप्लोमा मिळाला, तरच मूल मोजलं जातं. पाचव्या वर्षी पास झालेलं मूल त्यात धरत नाहीत, पण त्याने शाळा सोडली असंही नाही.

गळतीचं माप वेगळं: १६ ते २४ वयाचे, शिक्षण घेत नसलेले आणि डिप्लोमा किंवा समकक्ष प्रमाणपत्र नसलेले. २०१९ मध्ये असे साधारण ५ टक्के होते (यात खासगी शाळांतलेही आले).

खरी गोम त्या 'वजा' करण्यात आहे. ह्यूस्टनच्या एका हायस्कूलमधून २००१-०२ मध्ये चारशेहून जास्त मुलं निघून गेली, आणि कागदावर गळती शून्य! २००८ च्या केंद्रीय नियमांनुसार आता बदलीचा लेखी पुरावा लागतो. तो नसेल तर मूल तुकडीतच राहतं आणि शाळेचा दर खाली येतो.