शरबत, शराब आणि पाच जिन्नस

रमजान आणि मराठी भाषा गौरव दिन अगदी जवळजवळ आले होते, त्या आठवड्यातली गोष्ट. सातवीला उर्दू शिकवताना फळ्यावर शीन, रे, बे ही तीन अक्षरं लिहिली आणि मुलांना सांगितलं, 'पिणे' या अर्थाच्या या अरबी धातूपासून होणारे शब्द शोधा. कुणी शरबत म्हणालं, कुणी मशरूब. मागच्या बाकावरून एका मुलीने हळूच विचारलं, "टीचर, शराबपण?" वर्ग हसला. मी म्हटलं, "हो, शराबपण."

दुसऱ्या दिवशी तिचे अब्बा शाळेत आले. आवाज चढवला नाही, पण चेहरा नाराज होता. "बाई, रमजान तोंडावर आलाय. मुलांना हा शब्द कशाला शिकवता?"

त्याच दुपारी भाषा दिनाच्या खाऊचा फलक लिहिताना एका सहकाऱ्याने सुचवलं, "लिंबू सरबत नको, लिंबू पेय लिहा. सरबत आपला शब्द नाही." एकाला शब्दातली दारू नको होती, दुसऱ्याला शब्दातलं अरबी. दोघांचा हेतू वाईट नव्हता. पण दोघांच्याही इच्छेप्रमाणे शब्द धुऊन काढला, तर हातात काय उरेल, या विचाराने मी घरी येऊन पुस्तकं काढली.

अरबीत 'शराब' म्हणजे पिण्याची वस्तू, एवढंच. सूरह नहलमध्ये मधमाशीच्या पोटातून निघणाऱ्या, माणसांसाठी शिफा असलेल्या पेयाला हाच शब्द आला आहे. मनाई ज्याची आहे, त्याला कुरआनात 'खम्र' म्हटलं आहे. जुन्या अरबी वैद्यकात साखरेच्या पाकातल्या औषधालाही शराब म्हणत. हाच शब्द युरोपात गेला आणि 'सिरप' झाला. 'शरबत'चा तिथे 'शर्बेट' आणि 'सॉर्बे' झाला. फारसी आणि उर्दूत मात्र शराबचा अर्थ आकसत दारूवर येऊन थांबला. दोष अक्षरांचा नव्हता, माणसांच्या सवयीचा होता.

आता लिंबाकडे वळू. बाराव्या शतकात कैरोमध्ये इब्न जुमै नावाचा हकीम होता. धर्माने यहुदी, नोकरी सुलतान सलाहुद्दीनच्या दरबारी. त्याने लिंबाच्या गुणांवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. चौदाव्या शतकात इब्न बतूता दिल्लीला आला. तिथल्या मेजवान्यांचं वर्णन करताना तो सांगतो की जेवणाआधी पाहुण्यांना साखरेचं सुगंधी पाणी देत आणि त्याला शरबत म्हणत. हिंदुस्थानातल्या लिंबाच्या लोणच्याचीही त्याने नोंद केली आहे. पुढे बाबराने आपल्या आत्मचरित्रात इथल्या फळांचा हिशेब मांडताना लिंबू, नारिंग, तुरंज यांना वेगवेगळी जागा दिली. याच बाबराने 1527 मध्ये खानव्याच्या लढाईआधी दारू सोडली, सोन्याचांदीचे प्याले फोडले आणि तुकडे गरिबांना वाटले.

आणि 'नारिंग' हा शब्द तर उलट दिशेने गेला. संस्कृत नारंग फारसीत गेला, अरबीत नारंज झाला आणि स्पेनमार्गे युरोपात जाऊन शेवटी इंग्रजांचा ऑरेंज झाला. म्हणजे फळाचं नाव इथून गेलं आणि पेयाचं नाव तिकडून आलं. यात परका कोण?

आता त्या अब्बांना न आवडणारा भाग. सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीचे लोक या किनाऱ्यावर आले. त्यांच्या सवयीची वाइन आणि बिअर इथे सहज मिळत नव्हती. त्यांनी इथलं सरबत घेतलं आणि त्यात ताडामाडाची, गुळाची दारू ओतली. ते 'पंच' झालं. कंपनीच्या एका नोकराच्या 1632 च्या पत्रात हा शब्द सापडतो. 1638 मध्ये सुरतेला आलेला जर्मन प्रवासी मांडेल्सलो या पेयात दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर असल्याचं लिहितो. बर्निए या फ्रेंच वैद्याने चव बरी असल्याचं मान्य केलं, पण हे पेय शरीराचा नाश करतं असंही बजावलं.

सुरत, मुंबई, जुन्नर असा फिरलेला जॉन फ्रायर 1670 च्या दशकात सांगतो की गोव्याजवळच्या नेरूळची दारू सर्वांत चांगली, इंग्रज तिचंच पंच करतात, आणि हे नाव हिंदुस्थानी 'पाच'वरून पडलं, कारण त्यात पाच जिन्नस असतात. काही भाषातज्ज्ञांना ही व्युत्पत्ती मान्य नाही. मांडेल्सलोच्या यादीत चारच जिन्नस आहेत, हेही खरं. पण आंबट, गोड, पाणी, मसाला आणि मद्य ही पाचांची जुळणी जगभर पोचली. क्यूबाच्या डायकिरीत आजही रम, लिंबू आणि साखरच असते. त्या दारूचं 'अर्राक' हे नावही अरबी 'अरक'वरून आलं. त्याचा मूळ अर्थ घाम. ऊर्ध्वपातनात नळीतून थेंब टपकतात, म्हणून. आपला गुलाबाचा अर्कही त्याच शब्दातून आला.

हे सगळं मी दोघांनाही सांगितलं. अब्बा सूरह नहलच्या उल्लेखाशी थांबले. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "मग हे पोरांना पूर्ण सांगा. अर्धं नको." ते बरोबर होतं. वर्गात मी अर्धंच सांगितलं होतं. सहकाऱ्याला मी एवढंच म्हटलं, "सर, सरबत काढलं तर ते ज्यातून पिता तो पेलाही काढावा लागेल. तो फारसी पियाला आहे." फलकावर सरबत राहिलं.

आमच्या घरचं सरबत अगदी साधं आहे. दोन पेले थंड पाण्यात चार चमचे साखर आधी पूर्ण विरघळवायची. लिंबू नंतर. एका रसरशीत लिंबाचा रस बिया काढून घालायचा. साल फार दाबून पिळायची नाही, कडवटपणा उतरतो. मग चिमूटभर मीठ आणि वेलचीची पूड. मिठाने गोडी उठून दिसते आणि दिवसभर घाम गाळलेल्या अंगालाही ते हवं असतं.

त्या रमजानच्या पहिल्या इफ्तारला ढवळताना मी जिन्नस मोजले. पाणी, साखर, लिंबू, मीठ, वेलची. पाच झाले. कंपनीच्या साहेबांना पाचवी वस्तू म्हणून दारू लागली. आमच्या अम्मीचं काम मिठावर भागलं.