सुरेशबाबू माने : हिराबाईंचे थोरले बंधु

ठाणें-कल्याणच्या टापूंत गाण्याचा नाद जुना आहे. कल्याण येथें १९२६ सालीं गायन समाजाची स्थापना झाली. ठाण्यांत व डोंबिवलींतही पेटी-तंबोऱ्याची साधना चालणारीं घरें पुष्कळ. आपल्या ख्रिस्तमंदिरांतील गायकवृंद तर प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. अशा ठिकाणीं एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. दोन भावंडें एकाच सतरंजीवर बसून शिकतात. पुढें एकाचा लौकिक होतो आणि दुसरें त्याच्या मागें पेटी धरून बसतें. त्या दुसऱ्याची योग्यता कोणत्या मापानें मोजावी? या प्रश्नाचा विचार करितांना आम्हांस गायनक्षेत्रांतील एका प्रख्यात कुटुंबाचा इतिहास बोधप्रद वाटला. तो वाचकांपुढें ठेवीत आहोंत.

किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) व बडोद्याच्या सरदार घराण्यांतील ताराबाई माने यांचा थोरला मुलगा १९०२ सालीं जन्मला. त्याचें नांव अब्दुल रहमान. त्याच्या पाठची चंपाकली १९०५ सालीं मिरजेस जन्मली. १९२२ च्या सुमारास आईबाप विभक्त झाले. ताराबाईंनीं मुलांसह वेगळा संसार मांडिला व मुलांचीं नांवें बदललीं. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले. चंपाकली हिराबाई बडोदेकर झाल्या. कमलाबाई, कृष्णराव व सरस्वतीबाई राणे हीं धाकटीं भावंडें.

हिराबाईंची कीर्ति आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. तिकीट लावून जाहीर मैफल करणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्यें त्यांची गणना होते. सभ्य घरच्या स्त्रीनें लोकांसमोर बसून गावें कीं नाहीं, याचा वाद ज्या काळीं चालू होता, त्या काळीं त्यांनीं आपल्या शांत व सुरेल गाण्यानें तो वाद निम्मा मिटविला. १९६५ सालीं संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व १९७० सालीं पद्मभूषण त्यांना मिळालें. १९८९ सालीं त्या निवर्तल्या.

परंतु हिराबाईंचें आरंभींचें शिक्षण या थोरल्या भावाकडेच झालें. नंतर त्या उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे शिकल्या. सुरेशबाबूंना वडिलांची तालीम लाभली होती व वहीद खाँसाहेबांचेंही मार्गदर्शन मिळालें होतें. किराणा गायकींत घाई नसते. एकेका सुरावर थांबून, त्याचा शेजारच्या सुराशीं संबंध उलगडीत राग हळूहळू वाढवावा लागतो. यासाठीं आधीं तंबोरा बिनचूक जुळला पाहिजे. तंबोरा बेसूर तर पुढील सारें व्यर्थ. ही जुळवणी व ही बढत सुरेशबाबूंच्या हातीं व गळ्यांत पुरती मुरलेली होती. ताराबाईंनीं काढिलेल्या नाटक मंडळींत त्यांनीं बहिणींसह भूमिका केल्या. १९३४ सालच्या प्रभात कंपनीच्या ‘अमृत मंथन’ या बोलपटांतही त्यांनीं काम केलें.

मग त्यांचें नांव मागें कां राहिलें? त्यास कांहीं कारणें काळाचींच आहेत. स्त्रीनें मैफल गाजविणें ही त्या वेळीं अपूर्व गोष्ट होती. पुरुष गवई मात्र पुष्कळ होते. शिवाय सुरेशबाबू १९५३ सालीं, पन्नाशीच्या उंबरठ्यावरच, वारले. पद्म पुरस्कारांस आरंभ झाला तो १९५४ सालीं. धाकट्या बहिणीस पुढें छत्तीस वर्षें आयुष्य लाभलें. थोरल्यास तें लाभलें नाहीं. सन्मान पुष्कळदां गुणांबरोबर आयुष्याचीही वाट पाहतात, हें विसरून चालणार नाहीं.

पदकांऐवजीं शिष्य मोजले, तर हिशेब निराळा होतो. माणिक वर्मा यांना हिराबाईंप्रमाणेंच सुरेशबाबूंचीही तालीम मिळाली. वसंतराव देशपांडे त्यांच्यापाशीं शिकले. ‘घरंदाज गायकी’ हा ग्रंथ लिहिणारे वामनराव देशपांडे हेही त्यांचे विद्यार्थी. प्रभा अत्रे त्यांच्याकडे शिकल्या व त्यांच्या पश्चात् हिराबाईंकडे. म्हणजे भावानें हातीं घेतलेलें काम बहिणीनें पुढें चालविलें. याच प्रभाताईंना १९२२ च्या त्या ताटातुटीनंतर सुमारें शंभर वर्षांनीं, २०२२ सालीं, पद्मविभूषण मिळालें. २०२४ सालीं त्यांचें निधन झालें.

येथें एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे. प्रभाताईंनीं १९९२ पासून मुंबईंत आपल्या दोन्ही गुरूंच्या स्मरणार्थ संगीत संमेलन भरविलें. त्याचें नांव त्यांनीं ‘सुरेशबाबू-हिराबाई’ असें ठेविलें. लोकांनीं हिराबाईंना अधिक ओळखलें. पण शिष्येनें थोरल्याचें नांव आधीं घेतलें.

म्हणून आमची वाचकांस एवढीच विनंति आहे. आपल्या घरीं, आपल्या गायकवृंदांत, जो पुढें उभा राहून गातो त्याचें कौतुक अवश्य करावें. परंतु ज्यानें त्याला पहिला सूर दिला, तालमीला रोज आधीं येऊन वाद्य जुळविलें, आणि ज्याचें नांव कार्यक्रमपत्रिकेवर छापलें जात नाहीं, त्याचीही आठवण ठेवावी; आणि तो हयात असतांनाच त्याला ती बोलून दाखवावी.